मीटरची वही

सोहारला उन्हाळ्यात गार पाणी हवं असेल
तर गरम पाण्याचा नळ सोडायचा.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
बंद गीझरातलं पाणी मात्र घरात बसून निवतं.
पहिल्याच मे महिन्यात शेजारच्या लिसीने हे सांगितलं,
तेव्हापासून आमच्याकडे लाल खुणेचा अर्थ गार.
रेणू शाळेत तसंच लिहून आली,
बाईंनी फुली मारली.

विश्रामला मात्र काही सांगायची सोय नव्हती.
एसी सोळावर लावायचा
आणि वर रजई घ्यायचा.
बाहेर सेहेचाळीस, आत सोळा,
मधल्या तीस अंशांचं बिल
महिनाअखेरीला यायचं.
मी म्हणायचे, थंडीच हवी होती
तर माझं माहेर आंबोलीला होतं की, फुकटात.
तो हसायचा नाही.

एकदा भाकरी मोडता मोडता बोलला.
कॅम्पात सहा वर्षं, एका खोलीत आठ जण.
एसीच्या बटणावर लोखंडी पेटी, पेटीला कुलूप,
किल्ली कॅम्प बॉसच्या कमरेला.
रात्री दहाला सुरू, पहाटे दोनला बंद.
दोननंतर भिंती दिवसाचं ऊन परत करायच्या.
येल्लय्या ओला टॉवेल पोटावर टाकून
तेलुगूत काहीतरी मोजत पडायचा.
"आता बटण माझ्या हातात आहे ना,"
एवढंच म्हणाला.
मी त्या महिन्याचा आकडा वहीत लिहिला
आणि वही मिटली.

मग पॅनल आले.
घरमालक खमीस म्हणाला, गच्ची घ्या,
खजूर वाळवायचा कोपरा तेवढा माझा.
आठ पॅनल, दोन भिशा, माझी एक पाटली.
ज्या उन्हाला जाड पडदे लावून शिव्या घातल्या
ते आता कमावत्या दिरासारखं
सकाळी गच्चीवर हजर.
म्हणून मी दिवसच फिरवला.
मशीन, मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप,
सगळं अकरा ते दोन,
तो कामावर आहे तोवर.
फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.
रात्री तिघं एका खोलीत,
रेणूच्या लाथा खाऊन.

शमाल वारा सुटला की
पॅनलवर पिठासारखी धूळ बसते.
नळाच्या पाण्याने डाग राहतात.
एसीच्या पाइपाखाली बादली ठेवली,
टिपटिप करत रात्रीत अर्धी भरते,
निव्वळ, बिनक्षाराचं पाणी.
पहाटे ड्यूटीच्या आधी
विश्राम ती घेऊन वर जातो,
माझ्या जुन्या सुती साडीच्या फडक्याने पुसतो,
कडेपासून कडेपर्यंत, घाई न करता.
खाली येतो तेव्हा टाचा राखाडी.

कधीतरी, मी न सांगता, रिमोटवर चोवीस दिसलं.
पुढे सव्वीस आणि पंखा.
मी विचारलं नाही.
युनिट कसं तयार होतं
हे पुसणाऱ्याला कळत असणार.
ऑगस्टचं बिल गेल्या वर्षी बेचाळीस रियाल,
यंदा अकरा रियाल तीनशे बैसा.
पाटली अजून सुटायची आहे.

गेल्या शुक्रवारी येल्लय्या जेवायला आला.
अजून त्याच कॅम्पात, आता एका खोलीत सहाच जण,
हे त्याने बढती झाल्यासारखं सांगितलं.
जेवण झाल्यावर विश्रामने
रिमोट त्याच्या हातात दिला.
त्याने तो दोन्ही हातांनी धरला,
माझ्याकडे पाहिलं,
एकेक करत अठरापर्यंत उतरला
आणि थांबला.
"अजून?" विश्रामने विचारलं.
"बस," तो म्हणाला आणि झोपला,
दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत.
ऊन कधीच गेलं होतं, मीटर आमच्या पैशांवर पळत होता.
कुणी उठून बंद केला नाही.

तोंड धुवायला गेला तेव्हा
रेणूने दारातून सांगितलं,
काका, लाल खुणेचा सोडा.
तो बराच वेळ नळापाशी उभा होता.

वहीत लिहिलं :
शुक्रवार. येल्लय्या. अठरा.
शनिवारी सव्वीस,
आणि विश्राम बादली घेऊन वर.