साठ अंगरखे

गुरुवार. पाषाणला वीज नाही.
जनरेटर खाली नुसताच खोकतोय.
मी काचेच्या बरणीत मेणबत्ती लावते, झाकण सरकवते.
ज्योत आतली हवा खाऊन विझते
आणि उरलेल्या कोंदटात
माझे परजीवी सुखाने वाढतात.
आई फोनवर विचारते, जेवलीस का.
त्यांना घातलंय जेवायला. ओ पॉझिटिव्ह, कालच आणलेलं.

एक तांबडी पेशी फुटते, सोळा-वीस जण बाहेर पडतात.
मिनिटभराचीच सवड असते.
दुसरी पेशी गाठायची, चिकटायचं, वळून टोक टेकवायचं
आणि आत शिरताना अंगावरचं प्रथिनांचं पांघरूण
उंबऱ्याबाहेर सोलून टाकायचं,
ओली छत्री टाकावी तसं.
प्रतिपिंडं धावत येतात, छत्रीवरच तुटून पडतात.
आतून कडी लागलेली.

मग पेशीला बाहेरून बारीक गाठी येतात,
त्यांवर नवं प्रथिन. सगळी भिस्त त्याच्यावर:
शिरेच्या कडेला चिकटून राहायचं,
प्लीहेच्या चाळणीत सापडायचं नाही.
ओळख पटली की अंगरखा बदलायचा.
ट्रंकेत साठेक आहेत.
सहा वर्षं मी एकाचीच शिवण उसवतेय.

हा नमुना रैनू उसेंडीचा.
एटापल्लीकडचा. म्हाळुंग्यात तळघर खणतो.
मुकादम राजू म्हणतो, फॉर्मवरही राजूच होतं,
ते मी खोडून पुन्हा विचारलं.
"लहानपणीच येतो हा आमच्याकडे. मग अंगात राहतो,
छळत नाही," म्हणाला.
बरोबर होतं. वीस पावसाळ्यांत
त्याच्या रक्ताने कितीतरी अंगरखे पाठ केले होते.
मग चार वर्षं पुणे.
यंदा पंडुमला आठ दिवस गावी गेला,
परत आल्यावर पंधरवड्याने एकशेचार.
रक्त विसरलं होतं.

इथे मी एक उपमा लिहिली होती,
नाव बदलण्याची, अंगरखा बदलण्याची. खोडली.
तो कुणाच्या घरात शिरलेला नाही.
लोकांच्या गाड्यांसाठी त्याने जमीन पोखरली, एवढंच.

अठ्ठाविसाव्या दिवशी तपासणीला आला. काच स्वच्छ.
"माझा ताप अजून आहे तुमच्याकडे?"
आहे म्हटलं, बरणीत.
"काय खातो?"
सांगितलं. हसला.
मी सहज विचारलं,
माडियात तापाला काय म्हणतात?

तोंड उघडलं त्याने,
आणि बराच वेळ
खिडकीबाहेरच्या टेकडीकडे बघत राहिला.