कोणतं पळसगाव

पत्रकात मी लिहिलं होतं :
सिमँटिक वेब, उन्हाळी शाळा, सात दिवस,
राहणं-जेवण मोफत, पंखा आहे.
'पंखा आहे' प्राचार्यांनी खोडलं.
असं लिहीत नसतात, म्हणाले.
सबंध पत्रकात तेवढंच एक वाक्य होतं
ज्याचा पुरावा आमच्याकडे होता.

एकतीस अर्ज आले. माणसं आली नऊ.
मग आमच्याच बीएस्सीची अकरा पोरं बसवली,
कूलरमध्ये पाणी टाकायच्या पाळ्या लावल्या.
बाहेर धानाच्या बांध्यांत भेगा,
भेगांत मागच्या हंगामाची धसकटं.

पहिल्या दिवशी शिकवलं : यंत्राला सांगायचं तर
प्रत्येक गोष्टीचे तीन तुकडे करा.
कोण. काय नातं. कोणाशी.
'सुकरू पेंदाम – भरतो – पाणी.'
'विहीर – आहे – वसतिगृहामागे.'
रजनी चौकेनं लिहिलं :
'आई – सोडत नाही – नागपूरला.'
म्हटलं, असा नकार इथे चालत नाही गं.
जे कुणी सांगितलं नाही, ते खोटं नसतं,
नुसतं माहीत नसतं.
ती म्हणाली, मॅडम, हे आईला येऊन सांगा.

तिसऱ्या दिवशी पुण्याचे डॉ. ओगले यायचे होते.
विषय : एक नाव, अनेक वस्तू.
दहाची बस आली, गेली.
बाराला भाजी थंड.
दोन वाजता फोन लागला :
मी पळसगावात आहे, इथे मांडव आहे,
कॉलेज कुठे दिसत नाही.

सुकरूनं बादली खाली ठेवली.
पळसगावं चार हायेत जी.
एक आपलं. एक नदीपल्याड.
एक जंगलातलं, थे वाघापायी उठलं,
पर नाव तेथीच हाय.
आणि चौथं?
चौथं माह्या बायकोचं माहेर.
ते कुठे आलं?
थेच जी, नदीपल्याडचं.
पर मी येगळं मोजतो.

संध्याकाळी नवरदेवाच्या मामाच्या मोटारसायकलवर
ओगले आले. कपाळाला कुंकू,
खांद्यावर आहेराचा टॉवेल, हातात नारळ.
लाईट गेलेली. स्लाइड राहिल्या बॅगेत.
व्हरांड्यात सतरंजीवर बसून म्हणाले,
तिघांनी विचारलं, मुलीकडचे की मुलाकडचे.
मी म्हटलं, माहीत नाही.
तर आधी जेवायला बसवलं.

एवढंच व्याख्यान.
पुढे डास मारत प्रश्नोत्तरं.

जयपाल गरमडे तीन दिवसांत बोलला नव्हता.
अंधारात त्याचा आवाज आला :
सर, उठलेल्या गावाचं काय लिहायचं?
आम्ही आता रोडवर राहतो, प्लॉट नंबर सोळा.
आधार कार्डावर तेच नाव आहे.
आजोबाच्या तोंडातही तेच.
पण ते म्हणतात तेव्हा
प्लॉटकडे बघत नाहीत.

ओगल्यांनी टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला.
दोन वेगळे क्रमांक द्यावे लागतील, म्हणाले.
मग म्हणाले, थांब.
मग बराच वेळ काही म्हणाले नाहीत.
सुकरू कठड्याला टेकून होता.
चैतात पूजेले जातेत जी लोकं तेथी,
फारेस्टवाले सोडतेत एक दिवस.
गाव नाही कसं?

सातव्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली.
पेनड्राइव्हवर चारशे बारा वाक्यं जमली,
त्यातल्या एकाला यंत्र सारखं अडायचं :
'पळसगाव – आहे –'
आणि पुढे रिकामं.
मी ते काढलं नाही.

विद्यापीठाकडून पत्र आलंय,
अहवालात स्थळ स्पष्ट लिहा.
शिवाय कूलरच्या वाळ्याची पावती जोडलेली नाही.
ती आमच्याकडे कधीच नव्हती,
वाळा सुकरूच्या सासऱ्यानं दिला होता,
नदीपल्याडच्या, किंवा
तो मोजतो त्या चौथ्या गावाहून.