चर क्रमांक तीन

एकूण जागेच्या पाच टक्के.
एवढंच उकरायचं, आणि एवढ्यावरून सांगायचं
खाली काय आहे, वर चौऱ्याऐंशी फ्लॅट
कसे उभे राहतील.
नॉरिच, नोव्हेंबर. बुटांचा कारखाना होता,
मग गोदाम, मग कार पार्क.
डांबरावर व्हीलचेअरचं पांढरं चित्र,
बकेटखाली पहिलं तेच गेलं.

लारवूड जेसीबीवर. बिनदाताच्या बकेटनं
भाकरीचा पापुद्रा सोलावा तशी माती सोलतो.
दहा सेंटिमीटर. मी हात वर करते, उतरते, खरवडते.
पुन्हा दहा.
खडी, विटांचा चुरा, काजळी,
मग पांढर. पांढर म्हणायची,
पण इथली काळीकुट्ट.
माणसं राहून गेली की मातीला कुठला रंग चढेल
ते ज्या त्या गावावर आहे.
कालवांचे शिंपले. चिलमीच्या तुटक्या नळ्या.
चामड्याची कातरण, ओली, अजून वास मारणारी:
टाच कापून घेतल्यावर
उरलेलं.

गेटवरचे मिस्टर अटिंग, वय एकाहत्तर,
तिसऱ्या दिवशी थर्मास घेऊन कडेला आले.
"चर चुकलाय तुमचा.
विहीर तिकडे. आणखी दोन पावलं."
त्यांचा बाप इथे टाचा ठोकायचा.
कारखाना बंद झाला त्या संध्याकाळी
त्यानं हातोडी विहिरीत टाकली
आणि घरी सांगितलं, हरवली.
"मी बरोबर होतो. नऊ वर्षांचा.
पाण्याचा आवाज आलाच नाही.
तेव्हाच निम्मी बुजली होती ती."

चर हलवता येत नाही,
नकाशावर कौन्सिलचा शिक्का आहे.
पण दुपारी, उन्हाची एक तिरीप आली तेव्हा,
चराच्या कोपऱ्यात तळाशी गारगोट्यांची ओळ
किंचित वळलेली दिसली.
चतकोर विहीर. बाकीची भिंतीच्या आत.
मी तिला नंबर दिला, तीनशे सात.
पट्टी ठेवली, उत्तरेचा बाण ठेवला, फोटो काढला,
शेरा लिहिला: खोदकामाच्या हद्दीबाहेर पसरलेली.

"मग उकरणार का?"
खरं तेच सांगितलं. वरचे लोक ठरवतील.
बहुतेक पायाचे खांब थोडे सरकवतील,
ती राहील तशीच, स्लॅबखाली.
कागदावर त्याला जतन म्हणतात.
अटिंग जरा वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "हातोडीचं लिहू नका.
आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

शुक्रवारी लारवूडनं चर बुजवला.
थर काढले होते एकेक करून,
गेले सगळे एकदम, काळे तांबडे एकात एक.
फॉर्मवर 'स्थानिक माहिती' असा एक रकाना असतो.
केबिनच्या खिडकीतून मला दिसत होतं:
अटिंग बुजलेल्या चराच्या टोकाशी गेले,
दोन पावलं मोजली,
थांबले.
थर्मासचं झाकण फिरवलं.
मला वाटलं, आता थोडा मातीवर ओततील.
नाही. सगळा स्वतःच प्यायले,
आणि पाच वाजले म्हणून
गेट लावायला गेले.