शेरा

दरवर्षी मार्चअखेर सिनॉडचा तक्ता येतो.
हल्ली मोबाइलवर. मी वेंगुर्ल्याच्या बाजारात
पाच रुपये पान छापून आणते
आणि व्यासपीठामागच्या खोलीत बसून भरते.
बाहेर काजूच्या बोंडांचा वास.

गेल्या वर्षीचे सभासद : एकोणतीस.
बाप्तिस्मे : एक. शांतवन आढावांची नात,
राहते पुण्याला, फक्त पाण्यासाठी आणली होती.
मृत्यू : तीन.
बदली होऊन गेलेले :
इथे मी पेन खाली ठेवते.

तक्त्यासोबत एक गुळगुळीत पत्रक असतं.
जगभर आपल्या मंडळ्या वाढत आहेत.
मलावीत झाडाखाली दोन हजार माणसं,
कुठे पहाटे चारला प्रार्थनेसाठी रांग,
नकाशाभर लाल ठिपके, गोवरासारखे.
छत्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात काढली,
मला गोवर कळतो.
आमच्या किनाऱ्यावर ठिपका नाही.
छपाईत राहिला असेल.

रूफसचा मुलगा अबूधाबीत.
तिथे एकाच हॉलमध्ये ओळीने सहा भाषा,
मराठीची वेळ दोन ते साडेतीन,
मग तमिळवाले दार वाजवतात.
माझी भाची हेफ्सीबा स्कॉटलंडात,
वृद्धांच्या घरी रात्रपाळीला.
आमच्या घंटेवर ज्या गावाचं नाव ओतलंय
त्या गावचं देऊळ ती शोधायला गेली.
आत गालिचे विकतात. पुलपिटाच्या जागी गल्ला.
मावशी, तिने लिहिलं,
मी उगाच एक पायपुसणं घेतलं.
रविवारी ती एका शाळेच्या जिममध्ये जाते :
मलावीच्या बायका, दोघी केरळच्या,
आणि एक म्हातारा, तिथलाच.
गीताचा सूर तो धरतो, दम पुरत नाही,
मग मलावीच्या बायका उचलतात.

आमच्यातून मी तिला वजा केली.
तिकडे कुणी जमा केली का, कळायला मार्ग नाही.

पाळक महिन्यातून दोनदा येतात, कणकवलीहून एसटीने,
चार मंडळ्यांत एक माणूस.
जागेचा खटला ओरोसला. दोन सिनॉड,
दोघेही म्हणतात देऊळ आमचं,
कौलं बदलायला दोघेही नाहीत.
सात जण हायवेवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले.
तिथे ड्रम आहे, आजार बरे होतात म्हणे.
त्यांच्यातल्या एलीशिबाबाईंची साखर तीनशेवर.
मी इन्सुलिन नेऊन देते,
त्या विषयावर आम्ही बोलत नाही.

सरासरी उपस्थिती : नऊ.
ऑर्गन वाजवणारा थिओफिल धरून,
ज्याला ऐकू येत नाही.

नोव्हेंबरात वारा फिरला त्या रात्री
अकराला दार वाजलं.
रुक्मी मोर्जे, मागे अख्खी वाडी.
‘घंटा वाजव गे बाय.
दोन होडये अजून येवक नाय. लायट पण गेली.
आवाजार तरी येतले.’
दोर कुजलेला, तिसऱ्या ओढीला तुटला.
मग पोरं वर चढली, हातोडीने वाजवत राहिली
पाळीपाळीने, पहाटे साडेतीनपर्यंत.
बाकांवर लेकरं झोपली.
कुणीतरी व्यासपीठापाशी उदबत्ती लावली.
मी काही बोलले नाही.
नाताळातही इतकी माणसं आत पाहिली नव्हती.

एक होडी आली.
दुसरी दोन दिवसांनी, रेडीजवळ, रिकामी.

सर्वाधिक उपस्थिती, असाही रकाना आहे.
मी दोनशे दहा लिहिलं.
खोडलं. वर चौदा लिहिलं, ईस्टरचे.
खोडलेलं वाचता येईल इतपतच खोडलंय.

शेवटी शेरा. दोन ओळींची जागा.

घंटेचा दोर बदलला. नायलॉनचा, होडीचा.
रुक्मी मोर्जे हिच्याकडून. पावती नाही.