दाराजवळची रांग

ओब्निन्स्कच्या त्या तळघरात
पांढऱ्या उंदरांच्या चार रांगा होत्या.
सगळ्या माद्या, एकाच आठवड्यात जन्मलेल्या.
कोबाल्टसमोर सगळ्यांना तेवढेच सेकंद,
कातडीखाली संप्रेरकाची गोळी,
तांदळाच्या कणीएवढी.

दर मंगळवारी मी त्यांना चाचपायचे,
काखेत, जांघेत.
मोहरी? की आता वाटाणा?
वहीत मिलिमीटर लिहायचे.
थरथरण्याला रकाना नव्हता.

फेब्रुवारीत आकडे फुटले.
दाराजवळच्या रांगेत गाठी अकराव्या आठवड्यात,
बाकीच्यांत सतराव्या.
पोटं उघडली तर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी सुजलेल्या,
जणू रोज रात्री कुणी हाक मारून
पुन्हा निजू दिलं नव्हतं.

वेनियामिन सावेल्येविचनी किरणांचा स्रोत तीन दिवस मोजला.
स्रोतात खोट नव्हती.

पिंजरे धुणारी ताईसिया लुकिनिच्ना
बादली खाली ठेवत म्हणाली,
"दार आपटतं.
लोखंडी आहे. त्या कान पाडून गोळा होतात.
तुम्हाला कसं दिसणार?
तुम्ही आत येता तोवर होऊन गेलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने
नवऱ्याच्या लोकरी बुटाची पट्टी कापून
चौकटीला ठोकली.
नवरा अणुभट्टीत होता, चार वर्षांपूर्वीपर्यंत.
त्याने किती मात्रा घेतली ते कुठल्या वहीत आहे,
हे तिने कधी विचारलं नाही.
मला ती वही ठाऊक होती.

वेनियामिन सावेल्येविच हुशार माणूस.
चिडले नाहीत. नवी मालिका आखली:
दोन खोल्या, एकीला लोकर,
दुसरीचं दार दिवसातून सोळा वेळा
हाताने आपटायचं, घड्याळ बघून.
हात ताईसियाचा. पगारात तीन रूबल वाढ.

ती आपटायची. एकदाही चुकली नाही.
पण मी मार्चमध्ये जिन्यात थांबून ऐकलं:
आधी दोन बोटांनी पत्र्यावर टकटक,
मग हळूच, लेकराला सांगावं तसं,
"आता हं, बायांनो."
आणि मग दार.

त्या खोलीत गाठी आल्याच.
पण उशिरा, चौदाव्या, पंधराव्या आठवड्यात,
कुठल्याच आलेखावर न बसणाऱ्या.
वेनियामिन सावेल्येविच पेन्सिल चावत विचारायचे,
"इथे काय वेगळं झालं?"

मी खिडकीबाहेर बर्चझाडं बघायचे.
ताईसिया लुकिनिच्ना फरशी पुसायची,
त्यांच्या बुटांभोवतीचं तेवढं वर्तुळ सोडून.