सरासरीचा भोवरा

चिंचोळी एमआयडीसी, शेड सतरा.
सकाळी आठलाच पत्रा तडतडायला लागतो.
इरण्णा काचेचा सिलिंडर पुसतोय
जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं:
"बोटाचा ठसा राहू नये मॅडम,
लेझरला तेपण भोवराच वाटतंय."

तीन वर्षं मी एवढंच बघतेय,
व्हॉल्व उघडला की हवा आत कशी येते.
सरळ येत नाही, हे नक्की.
भोंगा झाल्यावर फाटकातून माणसं घुसावीत तशी येते,
समोरच्या भिंतीला थडकते, वळते,
पिस्टनच्या माथ्यावर लोळण घेते.
मग पिस्टन वर यायला लागतो
आणि तिची खोली बुटकी बुटकी होत जाते.
मोठ्या गिरकीच्या लहान गिरक्या,
लहानांचा भुगा.
ठिणगी पडायची ती त्या भुग्यातच.

हवा दिसत नाही.
तेलाचं धुकं सोडायचं तिच्यात,
कागदाएवढा पातळ हिरवा उजेड उभा धरायचा,
लागोपाठ दोन फोटो.
ठिपका होता कुठे, गेला कुठे.
मोजणं म्हणतात ते इतकंच.

खरं तर हे मी आठव्या वर्षीच केलं होतं,
पूर्व भागात, नायनांच्या मागावर डबा घेऊन गेले तेव्हा.
छताच्या काचेतून उन्हाची तिरकी फळी
आणि तिच्यात कापसाची कुसं.
धोटा इकडून तिकडे गेला
की सगळी कुसं एकदम दचकायची.
मी एकच कूस धरून ठेवायचे डोळ्यांनी,
ती नायनांच्या नाकाशी जाईपर्यंत.
पुढचं मोजलं नव्हतं.

संगणकावरचं काम वेगळं.
तिथे हवेचे बावीस लाख खण पाडलेत.
प्रत्येक खण फक्त शेजाऱ्याला विचारतो,
तुझ्याकडून किती आलं, माझ्याकडून किती गेलं,
आणि रात्रभर हा हिशेब चालतो.
पहाटे चारला वीज गेली की
यूपीएस केकाटतो नि मी चपला शोधते.
एकदा नायना स्क्रीनपाशी उभे राहिले. चष्मा वर केला.
बराच वेळ जाळी बघून म्हणाले,
"कडेला वीण घट्ट घेतलीस की. बरं केलीस.
बिघडतंय ते काठालाच."
हे शिकायला मला दोन सेमिस्टर लागली होती.

तर, तीनशे आवर्तनं मोजली.
सरासरी काढली.
देखणा भोवरा आला,
मधोमध, किंचित डावीकडे कललेला.
संगणकाचा उत्तराशी नऊ टक्क्यांचा फरक.
पुण्याचे साहेब खूश, इरण्णानं भजी आणली.

रात्री एकेक फोटो उघडून बसले.
एकशे बाराव्यात भोवराच नाही.
एकशे तेराव्यात दोन, एकमेकांना ढकलणारे.
दोनशे सातव्यात हवा चक्क उलटी फिरलेली.
तो देखणा भोवरा
तीनशेपैकी एकदाही झाला नव्हता.

त्याच आठवड्यात सिव्हिलमध्ये
नायनांच्या तोंडात पुठ्ठ्याची नळी.
"फुंका बाबा. जोरात. अजून, अजून, अजून..."
पहिल्यांदा खोकला आला.
दुसऱ्यांदा रेघ चढली आणि मधेच बसली.
तिसऱ्यांदा मानेच्या शिरा
ताण्याच्या दोऱ्यांसारख्या उभ्या राहिल्या.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्ही सगळ्यात चांगली धरतो.
सरासरी नाही, मी विचारलं.
नाही.
नायना नळी हातात धरूनच बसले होते.
"मग त्या दोन फुंका?"

अहवालात एक पान जादा लावलंय,
कुणी मागितलं नव्हतं.
तीनशे चौकोन, पोस्टाच्या तिकिटाएवढे,
ओळीनं, नंबर घालून.
इरण्णा म्हणतो, एवढं बारीक कोण बघणार?
बघतोय तोच मघापासून,
दोनशे सातवर बोट ठेवून.
ठसा उठलाय.