रिकामं वजन

रात्रपाळीत, बंदराच्या तोलकाट्यावर
दोन ट्रकांच्या मधे कधी वीस मिनिटं मिळतात.
क्लायपेदाचं धुकं खिडकीला नाक लावून उभं,
आणि माझ्यापुढे मतपत्रिका :
एकतीस उमेदवार, नऊ जागा,
पसंतीक्रम लावा, रविवारी मध्यरात्रीपर्यंत.

केस्तास राईच्या पावावर धुरवलेला मासा ठेवत म्हणतो,
खेळातल्या पंचायतीसाठी एवढा अभ्यास?
नगरपालिकेला किती वेळ लावलास?
दहा मिनिटं.
पण तिथल्या एकाही उमेदवाराला मी
पहाटे तीनला, जहाज जळत असताना
ऐकलं नव्हतं.

यांना ऐकलंय.

हालवर्द, त्रोम्सोचा दंतवैद्य.
जाहीरनामा सतरा पानांचा, तक्ते रंगीत,
खनिजाच्या घसरत्या भावांचा तीन वर्षांचा आलेख.
सगळं खरं.
सतरा पानांत माणूस मात्र एकही नाही,
नुसते दात.

दुसरा कोणी म्हणतो, मी तुमचा आवाज बनेन.
माझा आहे माझ्याकडे. घोगरा आहे, चालतो.

एक गेल्या खेपेचाच.
कंपनीच्या बैठकीहून ओठ शिवून परतला होता,
गोपनीयतेचा करार, म्हणाला.
मान्य.
पण नऊपैकी सात बैठकांना दांडी,
हे कुठल्या करारात होतं?

इरासेमा, पोर्तो अलेग्रेची, भूगोल शिकवून निवृत्त.
नव्या पोरांना जहाज वळवायला शिकवते,
आदळलं तर आधी हसते, मग पुन्हा पहिल्यापासून.
मी विचारलं, परवान्यांचे दर वाढवले तर काय कराल?
माहीत नाही, म्हणाली.
दुसऱ्या दिवशी : विचारून आले. आणि खाली चार ओळी.
तिच्या नावापुढे पेन्सिलीचं टिंब.

ट्रक आला. लाकूड, कौनसहून.
भरलेला, एकोणचाळीस हजार आठशे.
तासाभराने रिकामा, चौदा हजार सहाशे.
उरलं ते लाकूड.
चाकांचा चिखल, टाकीतलं डिझेल, ड्रायव्हरची कुत्री
दोन्ही वेळा काट्यावर होती,
म्हणून बिलात नाहीत.
माणसाला दोनदा कसं तोलायचं?
रिकामं कुठे गाठायचं?

एकाला गाठलंय.
काळी सुई.
चार वर्षांपूर्वी दक्षिणेच्या दारापाशी
माझं अकरा महिन्यांचं इरिडियम याने नेलं,
जहाजासकट.
दारावरच्या तोफा सहा सेकंद उशिरा जाग्या होतात,
तेवढ्यात.
खरं नाव आत्ता वाचलं, दोनाल, गॉलवे, मधमाश्या पाळतो.
जाहीरनामा पाच ओळींचा :
त्या सहा सेकंदांवर मी चार वर्षं पोट भरलं.
फट बुजवा.
कुठून बुजवायची ते मला माहीत आहे,
तुम्हाला नाही.
नंतर माझं पोट कसं भरेल ते मी बघेन.

केस्तास खांद्यावरून वाचतो.
चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणतो,
आणि माशाचा काटा दातातून काढतो.

त्या रात्री लुटून झाल्यावर
सुईने मला एक ओळ पाठवली होती :
जहाजाला नाव होतं का?
मी उत्तर दिलं नव्हतं. शिवी टाइप केली, पुसली,
आणि दोन आठवडे खेळाकडे फिरकले नाही.

इरासेमा पहिली.
दुसऱ्या घरात बोट बराच वेळ अडलं.
हालवर्दला सहावं दिलं, तक्त्यांना कोणीतरी हवंच.
सात बैठकांवाल्याला काही नाही.
मग सुई, दुसऱ्याच घरात.
पहिलं द्यायला मन झालं नाही,
अकरा महिने म्हणजे अकरा महिने.

मत पाठवलं.
मग जुन्या निरोपांच्या तळाशी गेले, अगदी खाली,
आणि त्या ओळीखाली लिहिलं :
होतं. द्विले.
आईची काळी-तांबडी गाय, ती.

बाहेर पुढच्या ट्रकाने दोनदा हॉर्न दिला.
धुक्यात त्याचे दिवे तेवढे दिसत होते,
भरलेला की रिकामा, कळत नव्हतं.